मातीला ताप कुठे होता?

आता तुम्हीच सांगा, औषध दिल्यावर कुणी आणखी आजारी पडतं का? चार्वीच्या वांग्यांचं मात्र अगदी तसंच झालं होतं. सोसायटीत मातीचा तिचा हा एवढाच वाफा उरला होता, बाकी सगळी फरशी. आणि आज सेक्रेटरी मोहितेकाका बजावून गेले होते, "माती मेलेली निघाली, तर उद्या इथेही फरशी!"

म्हणून तर मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) शरयूआत्या आपला यंत्रमानव ढेकळ्या घेऊन धावत आली. घागरीएवढा ढेकळ्या वाफ्यात फतकल मारून बसला. मोहितेकाकाही बघायला आले.

"काय काय घातलंस गं यात?" आत्याने विचारलं.

"औषध! काकांनीच दिलं होतं. झाडं सुकायला लागली, तेव्हा दुप्पट मारलं."

"औषध?" ढेकळ्या गोंधळला. "मग मातीला ताप किती होता?"

आत्या खो खो हसली. "अरे वेड्या, किडीवरच्या फवाऱ्याला आपल्याकडे औषधच म्हणतात!" मग ती चार्वीकडे वळली. "पण बाळा, ते कीटकनाशक आहे (किडे मारणारं विष). पानांवरून ओघळून ते मातीत मुरलं. तिथली गांडुळं आणि जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) पालापाचोळा कुजवून झाडाला जेवू घालतात. स्वयंपाकीच मेले, तर झाड उपाशीच राहणार ना? रासायनिक खतांचा अति मारा, फेकलेले सेल, प्लॅस्टिक, कारखान्यांचं सांडपाणी, यांनीही माती अशीच बिघडते. यालाच म्हणतात मृदाप्रदूषण."

चार्वीला रडूच कोसळलं. "म्हणजे मीच मारली माती?"

"थांब, आधी श्वास बघू," म्हणत ढेकळ्याने मातीवर काचेची वाटी पालथी घातली. मातीतले जीव जिवंत असतील, तर त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाटीत साठून वाटीवरचा लाल दिवा हिरवा होणार होता. दिवा काही केल्या बदलेना. काकाही डोळे ताणून वाकले. आणि एकदम दिवा हिरवा झाला!

"मंद आहे, पण चालू आहे!" ढेकळ्या ओरडला.

"हुश्श!" चार्वी मटकन खालीच बसली. रडताना हसू येतं ते असं.

"फवारा बंद. शेणखत घाल, वर पालापाचोळा पसर. कीड दिसली तर हाताने वेच, नाहीतर लिंबोळीचा अर्क मार," आत्या म्हणाली. "थोडा वेळ लागेल, पण गांडुळं परततील."

मोहितेकाका खाकरले. "बाटली मीच दिली होती. आता फरशी कुठल्या तोंडाने घालू?"

चार्वीने बाटलीवरचं 'औषध' खोडून ठसठशीत 'विष' लिहिलं.

"मग औषध कुठलं?" ढेकळ्याने विचारलं.

शेणखताची टोपली वाफ्याकडे ओढत चार्वी म्हणाली, "हे! आणि हे द्यायला ताप बघावा लागत नाही."