ओढणीची चौकट

ताईला चार चौकटी हव्या होत्या. चार रंग म्हणजे चार जाळ्या, हा छपाईतला साधा नियम. पिवळ्याच्या जाळीतून काळा ओढायला गेलात तर चेहऱ्याचा चिखल होतो. एरवी ती कापडी पिशव्यांवर फुलपाखरं छापायची. या खेपेला मात्र छापायची होती धाकटी, दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेली तिची बहीण.

कारण बाबांच्या डोळ्यांत अंधार उतरत होता. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंतची आशा दिली होती आणि बाबांचं एकच मागणं होतं, "तिचा चेहरा एकदा धड दिसू दे गं." घरात तिचा फोटो एकच. ओळखपत्रावरचा, टिकलीएवढा. म्हणून ताईने ठरवलं, दाराएवढं चित्र करायचं, आंधळ्यालाही दिसेल अशा भडक रंगांत.

सुताराकडून चौकटी आल्या, रंग ओढायची रबरी पट्टी घरचीच होती. रंगवाल्याने चार डबे काढून दिले, पण जाळी निघाली तीन चौकटींपुरतीच.

"चौथीला काय तुमचा सदरा ताणू?" ताई वैतागली.

"ताणा की! पण त्याला भोकं फार आहेत," तो म्हणाला. "नवी जाळी पुढल्या महिन्यात येईल."

पुढल्या महिन्यात बाबांना दिवस काय नि रात्र काय!

घरी येऊन तिने धाकटीची ट्रंक उघडली. तळाशी ओढणी होती, माशीच्या पंखासारखी झिरझिरीत. केसांच्या तेलाचा वास अजून गेला नव्हता. ताईचा हात जरा अडखळलाच. मग, "तुझ्याच कामाला येतेय बये, रागावू नकोस," म्हणत तिने ती चौथ्या चौकटीवर ताणली आणि खिळे ठोकले.

जाळीवर लेप देताना उजेड लागून चालत नाही. भर दुपारी तिने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या आणि एक मिणमिणता पिवळा दिवा लावला. लेप वाळत असताना खोलीत चिटपाखरूही नव्हतं, वारा तर नव्हताच. तरी ओढणीची चौकट हळूच फुगली... आणि बसली. पुन्हा फुगली... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

"ओला लेप आहे, आक्रसणारच," ताई स्वतःलाच म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली.

मग प्रत्येक जाळीवर फोटोची मोठी काळी छबी ठेवून उजेड दाखवला; छबीखालचा लेप धुऊन फटी मोकळ्या झाल्या, बाकीचा पक्का झाला. पिवळा छापला, लाल छापला, निळा छापला. शेवटी ओढणीतून काळा, तीन-तीन हात देऊन, चांगला जाड. चौकट उचलली तर भुवया, डोळे, ओठांची कड, सगळं जागच्या जागी. आणि हनुवटीवर एक तीळ.

फोटोत तीळ नव्हता. फोटो काढायच्या दिवशी धाकटीने पावडर थापून तो लपवला होता. ताईने चौकट उजेडात धरली. त्या जागी लेप पक्का होता, सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती.

बाबांनी चित्राला नाक लावून पाहिलं. "तीळ विसरली नाहीस," एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. ताईने खरं काय ते सांगितलं नाही. तुम्ही तरी सांगितलं असतं का?

महिना संपला, डोळे गेले. पण वाळलेला रंग कागदावर उठून आला होता, त्यामुळे बाबा रोज सकाळी बोटांनी लेकीला भेटायचे. एकदा त्यांची बोटं डोळ्यांपाशी थबकली.

"पोरी... तू खिडकीपाशी उभी आहेस ना?"

"हो. का?"

"ही तुझ्याकडे बघतेय."

 चपला काढून, श्वास धरून, ताई पावलांचा आवाज न करता कपाटाकडे सरकली. बाबांचं बोट काळ्या बुबुळावरून किंचित घसरलं.

"आता कपाटापाशी गेलीस," ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

ताई तिथेच खिळून उभी राहिली. बोट पुन्हा हललं... हळूहळू, दुसऱ्या बाजूला.

"इतक्यात कुठे निघालीस गं?" बाबा मायेने म्हणाले. "दारापर्यंत गेलीससुद्धा..."