अजून एक हात वर आहे

विश्वास बसला तर वाचा, नाहीतर सोडून द्या. कुणाला पटवत बसायचं बळ आता माझ्यात राहिलेलं नाही. पण हे ऐकीव नाही. माझ्यावर गुदरलेलं आहे.

फेब्रुवारीतला शनिवार. दुपारचे दोन. ओहायोतल्या आमच्या गावातल्या वेअर स्ट्रीटवरच्या चर्चचं तळघर.

मी डोरीन. इथल्या विद्यापीठात गावातल्या लोकांसाठी व्याख्यानं ठरवते. प्राध्यापकांना कॅम्पसबाहेर काढायचं, चार साध्या माणसांसमोर उभं करायचं, आणि ते लांबण लावायला लागले की घड्याळ दाखवायचं. एकवीस वर्षं हेच करतेय.

त्या दिवशीचं व्याख्यान वेअर स्ट्रीटवरच होतं. साठ वर्षांपूर्वी विद्यापीठाने ही अख्खी वस्ती पाडली आणि तिथे गाड्या लावायचं मैदान केलं. उरलं ते एवढं चर्च. बोलणार होते इतिहासाचे प्राध्यापक हॅडली. वय एकाहत्तर, हृदयाचं दुखणं. माणूस लाख चांगला, पण महाविसरभोळा.

श्रोते एकोणीस. डोनट पुरायला हवेत म्हणून मी मोजले होते.

पहिल्याच रांगेत ॲम्ब्रोस टली. चौऱ्याऐंशीचा म्हातारा, जन्म याच गल्लीतला, जीभ कात्रीसारखी.

"या बाई, या! तुम्ही विद्यापीठवाले ऐकता फार छान हो. मान डोलावून डोलावून ऐकता, आणि मग घर पाडता."

सगळे हसले. मला चांगलंच झोंबलं. त्या भरात मी माइक घेतला आणि बोलून गेले...

"आज प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय इथून कुणी हलणार नाही. शब्द देते!"

असली वाक्यं आम्ही दर कार्यक्रमात फेकतो. पत्रकावर छापतो. कुणी ती मनावर घेत नाही.

त्या दिवशी कुणीतरी घेतलं.

व्याख्यान झालं. प्रश्न सुरू झाले. आमची रीत आहे, हात वर असेपर्यंत कार्यक्रम आवरायचा नाही. एकेक हात खाली गेला. ॲम्ब्रोसने विद्यापीठाला मनसोक्त झोडपून घेतलं. सव्वातीन झाले.

"चला, सगळ्यांचे आभार..." मी म्हणाले.

"थांबा," हॅडली म्हणाले. "अजून एक हात वर आहे."

सगळ्यात मागे, खांबापलीकडे...

तिथे मी खुर्च्या मांडल्याच नव्हत्या.

पण हात होता. पांढऱ्या हातमोज्यातला. त्याच्यामागे अंधार. माणूस काही दिसेना.

"बावन्न नंबर," एका बाईचा शांत आवाज आला. "दोन खोल्या. मागे पेअरचं झाड. फळांनी भरल्या झाडावर बुलडोझर घातलात."

कुणाची मागे वळून बघायची छाती होईना. ॲम्ब्रोसने माझं मनगट घट्ट धरलं.

"मिसेस डुशेक आहे ती."

"ओळखीच्या आहेत?"

"मी खांदा दिलाय तिला, पोरी. एकाहत्तर साली."

दुसरा हात वर गेला. "चोपन्न नंबर..."

मग तिसरा.

कुणीतरी दाराकडे पळालं. दाराचा आडवा दांडा दाबला. दार हललं नाही. चौघांनी मिळून धक्के दिले. जैसे थे. एकाही फोनला रेंज नाही. मी घड्याळ बघितलं.

सव्वातीन.

पुन्हा बघितलं... सव्वातीनच.

आवाज चालूच होते. एकामागून एक, अगदी शिस्तीत. "अठ्ठावन्न नंबर. माझे वडील पोर्चवरच गेले. शेवटपर्यंत उठले नाहीत..."

हॅडलींचा चेहरा राखेसारखा झाला होता. हात छातीवर.

"गोळ्या कुठायत?" मी ओरडले.

"कोटात..."

"आणि कोट?"

"गाडीत."

"ॲम्ब्रोस, घरं होती तरी किती?"

"एकशे चौदा."

हॅडली खुर्चीवरून खाली घसरले. माझा धीरच सुटला.

"अहो, माणूस मरतोय इथे! दार उघडा!"

एकदम शांतता.

मग सगळे आवाज एकत्र...

"तुम्ही शब्द दिलात."

मला रडू फुटलं. "मी दिला ना? मग मला धरा! यांना सोडा. मी येईन. दर शनिवारी दोनला, एकटी येईन. सगळं ऐकेन."

खट्...

दार आपोआप उघडलं. बाहेर बर्फ पडत होतं.

हॅडली वाचले. त्यांना विचारलं तर म्हणतात, "चक्कर आली होती." बाकीचे तर विषयच काढू देत नाहीत. एक ॲम्ब्रोस दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, "साठ वर्षं आम्ही सांगतोय. तुला आत्ता ऐकू आलं होय?"

चार वर्षं मी दर शनिवारी जातेय. एकशे चौदा घरं केव्हाच संपली. आता ते घरातल्या एकेका माणसाचं सांगतात. कधी संपणार, देव जाणे.

एकदा ताप होता म्हणून गेले नाही. दुपारी दोनला माझ्याच बाथरूमचं दार आतून उघडेना. सोमवारी शेजाऱ्याने तोडलं, तेव्हा बाहेर आले.

आता मे महिन्यात मी निवृत्त होतेय. ॲरिझोनात बहिणीकडे राहायला जायचंय. गेल्या शनिवारी मन घट्ट करून त्यांना तसं सांगितलं.

पाच वाजले. दार बंद.

सात वाजले...

"मग कोण येणार?" मिसेस डुशेकने विचारलं.

मी एक नाव सांगितलं.

दार उघडलं.

माझ्या जागेवर योलांडा नावाची मुलगी रुजू झालीये. गोड आहे, सतत हसत असते. सोमवारी माझ्यासाठी घरून लिंबाचा केक करून आणला. म्हणाली, "तुमच्यासारखं लोकांचं ऐकून घ्यायला मला जमेल का हो?"

"जमेल गं," मी म्हणाले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

जूनमध्ये तिचं लग्न आहे. पत्रिका माझ्यासमोर टेबलावर पडलीये.

शनिवार. दुपारी दोन वाजता.

मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.