मागची बैठक

हे घडलेलं आहे. माझी बायको डोरीन त्या होडीत होती. तिनंच मला पन्नाशीत लिहायला शिकवलं आणि हे सगळ्यांत आधी तीच वाचणार आहे. पदरचं काही घालायची सोयच नाही.

जून महिना. मोंटानातली बिग होल नदी. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी काठोकाठ. ढगाळ दुपार.

असल्या पाण्यात शहाणा माणूस होडी काढत नाही. पण ह्याच दिवसांत काठच्या झुडपांवर मोठाल्या नारिंगी माश्या निघतात. ट्राउट मासे त्यांच्यापायी वेडे होतात.

आम्हीही.

डोरीन पुढे बसली होती. गळाला तसलीच पिसांची नकली माशी. मी मध्ये वल्ह्यांवर, तिच्या पाठीकडे तोंड करून. माझ्या मागची बैठक रिकामी.

पहिल्या वळणानंतर होडी जड झाली...

मागून.

"डोरीन, मागे काय भरलंयस गं?"

"तुझं पोट असेल."

"ते इथं माझ्यापाशीच आहे!"

ती हसली. मीही हसलो. पण होडीचं पुढचं टोक उचललं होतं. मागे माणूस बसला की उचलतं, तसं.

मग डोक्यावरून आवाज आला...

सूं... सूं...

गळाची दोरी हवेत झुलवताना येतो, तो.

डोरीनची गळाची काठी तिच्या मांडीवर होती. ती नवी माशी बांधत होती.

"लायल, हे तू करतोयस?"

"माझ्या दोन्ही हातांत वल्ही आहेत."

ती वळली. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले.

"मागे बघू नकोस. वल्हव."

नांगर मागच्या टोकाला टांगलेला असतो. त्याचा दोर माझ्या पायाशी, खाचेत अडकवलेला. भरल्या पाण्यात तो सोडायचा नसतो. तळाला अडकला की होडी मागून बुडते. आणि डोरीनला पोहता येत नाही.

तो दोर खाचेतून सुटला...

आपोआप.

सरसर मागे गेला. मी त्यावर पाय दिला. पाय घसरला. होडी हिसका बसून थांबली आणि मागून बर्फाचं पाणी आत आलं.

"काप! लायल, काप तो!"

मी सुरीनं पायाशीच दोर कापला.

पुढचं टोक धपकन खाली आलं. होडी सुटली. मागचं ओझं गेलं होतं.

मी होडी वल्हवत काठाला आणली. डोरीनला उतरवलं आणि मगच मी मागे पाहिलं.

बैठकीवर नांगर ठेवलेला होता...

कोरडा. कापलेला दोर त्याभोवती नीट गुंडाळलेला.

"तू काय पाहिलंस?"

"घरी चल."

एवढंच. आजही विचारलं तर एवढंच.

आता पाणी उतरल्याशिवाय आम्ही नदीवर जात नाही. डोरीन पुढे बसत नाही, मागे बसते. ती जागा रिकामी सोडायची नाही म्हणते. मी वल्हवताना तिला सारखा चिडवत राहतो, नुसता तिचा आवाज ऐकायला.

गेल्या ऑगस्टात उत्तर यायला जरा वेळ लागला...

मी वळलो नाही. पुढच्या टोकाकडे बघत राहिलो.

ते फारच उचललेलं होतं. डोरीन काही एवढी जड नाही.