बत्तीसची आठ कशी झाली?

"माझी रॅम कुणीतरी काढून घेतलीय, आणि पाच वाजता माझी मॅच आहे!"

खुर्चीत बसायच्या आधीच त्या मुलीनं हे सांगून टाकलं. अजिनाथमामांच्या कपातला चहा बशीत सांडला. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. पाकिटं, कोंबड्या, एकदा तर नवरीची अख्खी पेटी गाडीतून गायब झालेली त्यांनी पाहिली होती. पण रॅम?

"किती तोळ्यांची?" त्यांनी विचारलं.

"मामा, दागिना नाही तो," सुकन्या हसू दाबत म्हणाली. "स्वयंपाकघरातला ओटा कसा असतो? ओटा मोठा, तर चार कामं एकदम. लॅपटॉपचा ओटा म्हणजे रॅम. ही बोटाएवढी पट्टी असते."

नगरच्या दिल्लीगेटजवळ दोन खोल्या घेऊन सुकन्या गाडेकर खासगी तपासाचं काम करायची. अजिनाथ तिचे सख्खे मामा. मदतीला येतो म्हणायचे, पण खरी गोष्ट अशी, की निवृत्तीनंतर त्यांना घर खायला उठायचं.

मुलीचं नाव धनश्री. जामखेडकडची, सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. सोबत आई, कडूबाई. लॅपटॉपची पिशवी कडूबाईनं तान्ह्या पोरासारखी उराशी धरली होती.

"पुण्याची एक टीम खेळाडू घेतेय," धनश्री भराभरा सांगू लागली. "वर्षाचा करार, महिन्याला पगार. शेवटची निवड आज पाचला, ऑनलाइन. ज्या मशीनची नोंद केलीय त्याच मशीनवर खेळायचं, दुसरं चालत नाही."

"आन् न्हाई झालं तर?" कडूबाई मध्येच म्हणाली. "काल सुप्याचं काम संपलं हिचं. उद्या पहाटं ऊसतोडीची गाडी सुटती. म्या, हिचा बाप, आन् ही बी. तिकडं सामान बांधाय लागलेत."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मामांनी बोटांवर हिशेब केला. चार तास सुद्धा नाहीत!

"पहिल्यापासून सांग," सुकन्या म्हणाली. "तयार लॅपटॉप का नाही घेतलास?"

धनश्रीचा चेहरा एकदम उजळला. तिनं वही काढली. तीन महिने बसून एकेक भाग निवडला होता पोरीनं!

"तयार घेतला की कुठंतरी हलका माल घातलेला असतोच. म्हणून रिकामा सांगाडा घेऊन भाग आपले निवडायचे. स्क्रीन फोर-के नाही घेतला. नुसता देखणा असून काय करायचा? मला चित्र भरभर हलायला हवं, म्हणून एकशे पासष्ट हर्ट्झ. ग्राफिक्स एक पायरी खालचं घेतलं, कारण वरचं एवढ्या पातळ अंगात तापून बसतं. आणि तिथं जे पैसे वाचले ते सगळे रॅमला लावले. सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या."

"बत्तीसची एकच का नाही?"

"एका हातानं भाकरी थापता येते का, ताई?"

मामांनी मान डोलावली. ही पोरगी त्यांना भलतीच आवडली.

बुधवारी सावेडीतल्या दुकानात सगळे भाग तिच्यासमोर काढले. समर्थ नावाच्या कारागिरानं ते तिच्यासमोरच बसवले. चालू केल्यावर पडद्यावर बत्तीस दिसलं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तपासणीसाठी मशीन रात्रभर दुकानात राहिलं. गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसच्या घाईत तिनं ते न उघडताच उचललं, सुप्याच्या खोलीवर ठेवलं आणि शिफ्टला गेली. खोलीत तिची मैत्रीण निकिता होती. शुक्रवारी पाहते तर खेळ अडकत अडकत चाललेला, आणि पडद्यावर आठ! दुकानात फोन केला, तर त्यांनी कानावर हात ठेवले.

"म्या तर समद्याला मढीच्या नाथाचा अंगारा लावला हुता," कडूबाई कळवळून म्हणाली. "आमच्यात नवं काय बी आनलं, टॅक्टर आसू द्या का शेळी, आदी अंगारा. तरी नजर लागलीच बघा."

"नजर नाही, हात लागलाय कुणाचा तरी," सुकन्या म्हणाली आणि तिनं स्क्रू काढायला घेतले.

मागचं झाकण उघडलं. मामाही वाकून बघू लागले. एसएसडी नावाच्या पट्टीवर राखट बोट फिरलेलं. वायफायच्या चिमुकल्या कार्डावरही तसंच. रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी, दुसरीत एकच पट्टी, तिच्यावर ठसठशीत लाल टिळा.

"पूजा मात्र जोरात झालेली दिसते," मामा म्हणाले.

सुकन्यानं मोबाईलवर तीन फोटो काढले आणि विचारलं, "नव्या रॅमचं रिकामं खोकं आहे?"

"आहे की! मी पाकिटसुद्धा टाकलं नाही."

"शाब्बास. निकिताला दुकानात बोलवून घे. निघा!"

दुकानाच्या दारातच एका मोठ्या लॅपटॉपवर मोटारींची शर्यत चालू होती. काय तो वेग! मामा तिथंच खिळले.

"झकास पळतोय ना?" आतून समर्थ आला. पंचविशीचा, डोळ्यांवर जाड चष्मा, चेहरा पडलेला. "आमचं नमुन्याचं मशीन आहे. बुधवारपर्यंत बैलगाडीसारखं चालत होतं. मालकांनी विंडोज नव्यानं टाकलं आणि सुसाट सुटलं. आज चारला एका क्लासचे सर बघायला येणार आहेत, वीस मशीनची ऑर्डर आहे."

"धनश्रीचं मशीन तूच जोडलंस?"

"मीच. आणि आता चोरही मीच ठरतोय." त्यानं चष्मा काढून पुसला. "मालक म्हणाले, रॅम सापडली नाही तर उद्यापासून येऊ नकोस. ताई, मी कशाला काढू? जोडताना मावशींना मीच म्हटलं, टिळा स्टिकरवर लावा, पट्टीच्या सोनेरी दातांना हात नको. त्यांनी माझ्याही कपाळाला लावला. त्यानंतर मी घरी गेलो. मालक उशिरा पुण्याहून आले, किल्ली त्यांच्याकडंही असते."

"मालकांना पूजेचं माहीत होतं?"

"फोनवर सांगितलं ना. मावशींनी एकेका पार्टाला टिळा लावला म्हटलं. ते हसले."

तेवढ्यात निकिता येऊन धडकली, आणि आल्या आल्या धनश्रीवर तडकली. "माझ्यावर संशय घेतेस व्हय? बरोबर हाय, तू न्हाई खेळलीस तर राखीव म्हणून माझं नाव लागलंय. पण म्हणून तुझा लॅपटॉप फोडू मी?"

"गुरुवारी तो तुझ्याजवळ होता," सुकन्या शांतपणे म्हणाली.

"व्हता! पिशवीतच व्हता. मला तर स्क्रू कुठं असत्यात ते बी ठावं न्हाई. बुधवारी मी इथंच हुते, मावशींनी मला बी राख फासली, मग शिफ्टभर कंपनीत सगळे हसत हुते." तिचे डोळे भरून आले. "आमी दोघी एका ताटात जेवतो, ताई."

मामांना निकिताबद्दल वाईट वाटलं, पण संशयही तिच्यावरच गेला. राखीव खेळाडू! याहून सरळ कारण कुठलं? त्यांनी भाचीला कोपऱ्यात घेऊन तसं सांगितलंही. सुकन्या फक्त "हं" म्हणाली. ती दुकानातल्या देव्हाऱ्याकडं बघत होती. लक्ष्मी-गणपतीची तसबीर, उदबत्ती, पितळी करंडा. सगळं कसं लख्ख.

मालक सुनील आतल्या केबिनमधून बाहेर आला. गोरा, गुटगुटीत, तोंडात साखर.

"अहो मॅडम, आम्ही गिऱ्हाइकाला देव मानतो. मी बुधवारी दिवसभर पुण्यात. पूजा झाली तेव्हाही नव्हतो, जोडलं तेव्हाही नव्हतो. आता पोरंच ती, कुणाचा हात कुठं जाईल सांगता येतं का?"

"पुण्याला कशाला गेला होतात?"

"रॅमच आणायला! पण कुठली मिळतेय? बाजारात दुष्काळ पडलाय रॅमचा. भाव तर विचारूच नका. सोमवारी देतो म्हणालेत."

"म्हणजे धनश्रीच्या त्या शेवटच्या दोन पट्ट्या?"

"अगदी शेवटच्या," सुनील म्हणाला.

साडेतीन वाजले. मामा सारखे घड्याळाकडं बघत होते. धनश्री तर नखं खाऊन खाऊन बोटांपर्यंत आली होती. आणि सुकन्या? तिनं खुर्ची ओढली आणि निवांत बसली!

"सगळे इथं या. फार वेळ घेणार नाही, आपल्याकडं तो नाहीच. मामा, लॅपटॉप उघडल्यावर तुम्ही काय पाहिलं?"

"सगळ्या पार्टांना टिळे."

"रंग कुठला?"

मामा आठवू लागले. "एसएसडीला राखाडी. त्या बारक्या कार्डाला राखाडी. आणि रॅमला..." त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! लाल!"

"मावशी, बुधवारी तुम्ही कुंकू लावलं होतं?"

"कुंकू? न्हाई बा. आमच्यात नव्या वस्तूला अंगाराच. कुंकू तर मी आनलंच नव्हतं."

"म्हणजे ती लाल टिळ्याची पट्टी पूजेत नव्हतीच. ज्यानं ती मागून घातली, त्याला वाटलं की ही माउली झाकण काढून आपला टिळा शोधेल. म्हणून त्यानं टिळा लावला. पण चुकीचा! आता सांगा, अशी चूक कोण करेल? समर्थच्या कपाळाला अंगारा लागला होता. निकितालाही राख फासली होती. दोघांनी पूजा डोळ्यांनी पाहिली. त्यांना सोंग आणायचं असतं तर चुलीतली राखही चालली असती. टिळा लावला एवढंच ज्यानं नुसतं ऐकलं, त्याच्याच डोक्यात कुंकू येणार. तुम्ही-आम्हीही हेच समजलो असतो."

सगळ्यांच्या माना सुनीलकडं वळल्या.

"काहीतरीच काय!" सुनील उसळला. "मुद्दाम मला अडकवायला लाल लावलं असेल कुणीतरी! आणि काढलेल्या पट्ट्यांवर अंगारा असता तर चोराला दिसला नसता का?"

मामांना हा प्रश्न बिनतोड वाटला. पण सुकन्याचे डोळे चमकले.

"दिसला ना. पण काळ्या पट्टीवरची राख ती. दुकानात पडून राहिलेल्या मालावर धूळ असते, तशी धूळ वाटली त्याला. फडक्यानं पुसली असणार. आता दुसरं. बाजारात रॅम मिळत नाही, मग ही आठची जुनी पट्टी आली कुठून? कुठल्यातरी चालू मशीनमधून. आणि त्या मशीनला काय मिळालं? सोळाच्या दोन पट्ट्या. गुरुवारपासून अचानक सुसाट सुटलेलं मशीन शोधायला आपल्याला लांब जायला नको."

दारातली शर्यत अजून चालूच होती. समर्थचा जबडा उघडा पडला.

"विंडोज..." तो पुटपुटला. "विंडोज टाकलं म्हणाले होते..."

"उघड ते," सुकन्या म्हणाली.

"कुणी हात लावायचा नाही!" सुनील आडवा आला. पण कडूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ऊस तोडून तोडून घट्टे पडलेले हात तिनं नुसते कमरेवर ठेवले. सुनील दोन पावलं मागं सरकला.

समर्थनं दोन मिनिटांत झाकण काढलं. आत दोन काळ्या पट्ट्या. सुकन्यानं खोक्यावरचे नंबर मोठ्यानं वाचले, समर्थनं पट्टीवरचे. आकडा आकडा जुळला. मग त्यानं चष्मा वर करून पट्टी उजेडात धरली.

"पुसलीय, पण चिपांच्या फटीत राख आहे अजून. बघा!"

"आहे! आहे!" मामा एसटीत घंटी मारावी तसे ओरडले.

सुनील मटकन खाली बसला. "सोमवारी माल येणार होता हो. परत बसवून दिल्या असत्या. वीस मशीनची ऑर्डर, नमुनाच अडकत चालला तर कोण घेईल? मला वाटलं, पोरगी हाय, खेळायलाच तर पाहिजे. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"खेळायलाच," धनश्री म्हणाली. "उद्या पहाटे मी उसाच्या फडाकडं निघाले असते, सुनीलभाऊ. तुमच्या दोन दिवसांत."

त्यानं मान वर केली नाही. समर्थकडं तर त्याला बघवेनाच. चोरीचा आळ त्यानं याच पोरावर ढकलला होता.

"पोलिसांचं नंतर बघू," सुकन्या उठत म्हणाली. "आधी पट्ट्या बसवा!"

मग काय धांदल! समर्थचे हात चालले, निकितानं केबल ओढली, मामांनी काउंटरवरचं सगळं सामान खाली ठेवलं. चारला क्लासचे सर आले. समर्थनं त्यांना नमुन्याचं मशीन आहे तसं, उघड्या पोटाचं दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. सर आल्या पावली परत गेले. पडद्यावर बत्तीस उमटलं तेव्हा निकितानं धनश्रीला अशी मिठी मारली, की खुर्चीच कलंडली. "आता जिंक, नायतर खोलीवर येऊ नको," ती रडत रडत म्हणाली.

पाचला खेळ सुरू झाला. मामांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बंदुका, धूर, भिंतीवरून उड्या. पण धनश्रीची बोटं ज्या वेगानं फिरत होती, ते बघून त्यांच्या अंगावर काटा आला. चित्र कुठंही अडकलं नाही. एकदा ती मेली, तेव्हा कडूबाई "आगं बाय!" करून किंचाळली. निकितानं तिला समजावलं, पुढच्या डावात उठते म्हणून. शेवटी पडद्यावर एकटी धनश्रीच उरली, आणि मग वीस मिनिटं नुसती निकालाची वाट बघणं. वीस मिनिटं! मामांनी एसटीच्या अख्ख्या नोकरीत इतकी लांब वीस मिनिटं पाहिली नव्हती.

लॅपटॉपमधून एक बाई बोलू लागली. धनश्री ऐकत होती. "हो," म्हणाली. "हो मॅडम. सोमवारपासून येते." मग तिनं कानावरचा हेडफोन काढला आणि टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडू लागली.

"काय झालं? हरली का?" कडूबाई घाबरीघुबरी झाली.

"घेतलं गं मावशी! घेतलं तिला!" निकिता ओरडली.

कडूबाईला पटकन समजलंच नाही. तिनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. मग लेकीच्या केसांवरून हात फिरवला, कमरेची पिशवी उघडून साधा मोबाईल काढला आणि गावाकडं नवऱ्याला लावला. पलीकडून माणसांचा गलका आणि ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती.

"आवं, ऐकताय का?" ती मोठ्यानं म्हणाली. "आपल्या दोघांचं सामान ऱ्हाऊ द्या वर. धनूची वळकटी तेवढी गाडीतनं खाली उतरवा."