डावखुऱ्या नायकाचा निबंध

कपाट उघडलं आणि कौसाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. निबंध नव्हता!

नंदुरबारच्या शाळेतल्या या मास्तरीणबाईंनी वर्षभर खपून एका अमेरिकन कादंबरीकारावर लिहिलं होतं. हा पठ्ठ्या आपल्या कादंबरीचा बोलपटही स्वतःच काढणारा. मुंबईच्या एका मासिकाने निबंध मागवले होते; पहिला येईल त्याला कॉलेजात शिकायची संधी. टपाल चारला निघणार होतं.

शाळा तपासायला आलेले डिप्टीसाहेब गिरधर पाटील चौकशीला बसले. बघतात तो इंग्रजीचे शांतीलाल मास्तर तोच निबंध घेऊन हजर, स्वतःच्या अक्षरात!

"मी वर्गात वाचून दाखवायचो," मास्तर म्हणाले. "बाई दाराआडून ऐकायच्या. आता बोंब मारतात."

"मन्हा निबंध शे, साहेब!" कौसाबाईंचा आवाज फाटला.

कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेही होत्या. जो खोटा ठरेल त्याची नोकरी जाणार, हेही दोघांना माहीत होतं.

डिप्टींनी निबंध सावकाश वाचला. एका पानावर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: बोलपटात नायक डाव्या हाताने लिहितो, कादंबरीत तसं नाही. म्हणजे लेखकाने आपलाच माणूस मुद्दाम जगावेगळा केला. सगळा निबंध या मुद्द्यावर उभा होता.

"मास्तर, बोलपट कुठे पाहिलात?"

"मुंबईत. दुसऱ्या रांगेत बसून."

"डावा हात दिसला?"

"या डोळ्यांनी पाहिला!"

"बाई, तुम्ही?"

"आठेच, गावमा. बाजारना मैदानमा तंबू लागेल व्हता. बाया बसतस तठे बसनू."

डिप्टी उठले. "त्या तंबूत मीही होतो, पुढे खुर्चीवर. नायक उजव्या हाताने लिहितो."

"मग... निबंधच चुकीचा?" मास्तर गडबडले.

"चुकीचा, म्हणूनच बाईंचा. तंबूत पडदा मधोमध असतो. पुरुष पडद्यापुढे, बायका पडद्यामागे. मागून बघणाऱ्याला उजवं ते डावं दिसतं. मुंबईत दुसऱ्या रांगेतून डावा हात दिसणारच नाही. मास्तर, तुम्ही बोलपट पाहिलाच नाहीत. नक्कल करताना बाईंची चूकही उतरवलीत!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मूळ कागद त्यांच्याच पेटीत निघाले.

कौसाबाई मात्र मटकन खाली बसल्या. "अक्षरं उलटी दिखेत, ते समजे. हातनं ध्यानमाच नही उनं!"

"मुंबईवाल्यांना कोण सांगतंय?" डिप्टी हळूच म्हणाले. "जाऊ द्या तसाच."

बाईंनी डोळे पुसले, टाक उचलला आणि सहा पानं आडवी खोडली. पहिल्या पानावर नवं वाक्य लिहिलं: 'हा बोलपट मी बायकांच्या बाजूने पाहिला, आणि फसले.'

"चूक बी मन्हीच शे, साहेब," त्या म्हणाल्या. "ती बी आते कोनलेच देवाव नही."