रांजणातली भरती

वर्ध्याजवळच्या आंजीहून समुद्र किती लांब, असं बाबारावांना विचारलं तर ते हसून म्हणायचे, "मले काय माहीत? मी पाह्यलाच नाई." तरी अख्ख्या आंजीत भरती-ओहोटीचा हिशेब करणारा हा एकच माणूस.

कारण अनुप. एकुलता एक मुलगा, कोकणात खाडीकाठच्या गावी नोकरीला. दर रविवारी ओहोटी लागली की तो खाडीची वाळू तुडवत पलीकडच्या बेटावर पक्षी बघायला जाई आणि पाणी चढायच्या आत परते. वेळ काढायची तिकडची रीत त्यानंच बापाला शिकवली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, तिथून सहा तासांनी ओहोटी. बायको गेल्यापासून बाबारावांना घर खायला उठे. रविवारी ते कॅलेंडर बघून हिशेब करत आणि कवडूच्या दुकानातल्या फोनपाशी जाऊन बसत. "पोचलो, बाबा," एवढं ऐकलं की जेवण गोड लागे.

त्या वैशाखात अंगणातला रांजण बिघडला. सकाळी काठोकाठ, दुपारी अर्धा, रात्री कोणी न भरता पुन्हा काठोकाठ.

"भेग गेली असन, काका," कवडू म्हणाला.

"भेगेतून पाणी जाते. वापस येते काय बे?"

बाबारावांनी नीट पाळत ठेवली. रांजण अनुपच्या खाडीच्या वेळा पाळत होता. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण त्यांना सोबत वाटली.

रविवारी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे ओहोटी चारच्या सुमारास. मंगळवारी बुद्ध पौर्णिमेला अनुप घरी यायचा होता, त्याआधी बेटावर एक चक्कर मारणार होता. दुपारी तीनला बाबाराव पाणी प्यायला उठले. रांजण उतरायला हवा होता. तो भरत होता, आणि पाणी खारट लागलं.

ते अनवाणी दुकानाकडे धावले. फोन मुका. सकाळच्या वावटळीत गावाची लाईन तुटली होती.

सोमवारी वर्ध्याला जाऊन त्यांनी अनुपच्या घरमालकिणीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

मंगळवारी त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, खीर चढवली. मन कशातच नव्हतं. ऐन भरतीच्या वेळी फाटक वाजलं.

"बाबा, आलो मी."

अनुपच होता. बाबाराव रडले, मग चिडले. "फोन काऊन नाई केला बे?"

"आता आलो ना," म्हणत तो अनवाणीच आत गेला.

अंगणात ऊन रणरणत होतं. तापलेल्या फुफाट्यात त्याची पावलं उमटली होती.

एकेक पाऊल पाण्यानं भरत होतं.

बाबारावांनी बोट बुडवून चाखलं. खारट.

रस्त्यावरून कवडू ओरडला, "काका, लाईन आली! कोकणातून फोन हाये, अनुपची घरमालकीण. लवकर चला, रडून राह्यली ते."

बाबारावांनी फाटकाला कडी घातली.

"सांग तिले, मी घरी नाई."

आत अनुप पाटावर बसला होता. खिरीचा घास घेऊन म्हणाला, "बाबा, मीठ हाये काय?"

त्यांनी मिठाची बरणी पुढे सरकवली. मग तिथी दिसू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून टांगलं.

अंगणात रांजण बोटभर उतरला होता.