मुलीची खोली

लोक माहितीपुस्तिका वाचत नाहीत, हे पुस्तकबाईंना वीस वर्षांत चांगलंच कळून चुकलं होतं. घरात बसवायचे छोटे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीत त्या पुस्तिका लिहायच्या, म्हणून सगळे त्यांना पुस्तकबाई म्हणत. वाचत नाहीत ते नाहीत, वर उदाहरण म्हणून छापलेलं लोक जसंच्या तसं उतरवतात. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात, ती कुठून आणायची?

म्हणून कॅमेऱ्याचा पत्ता कसा घालायचा ते दाखवताना बाई उदाहरणाला नेहमी एकच पत्ता देत: १९२.०.२.१७. इंटरनेटवरच्या जगभरच्या यंत्रांना पत्ते वाटताना थोडे मुद्दाम बाजूला काढून ठेवलेत, नुसते पुस्तकात छापायला. ते कुणालाच मिळत नाहीत. चुकून कुणी तो घातला, तरी दुसऱ्याच्या घरात डोकावणं होत नाही. पत्त्याखाली कॅमेऱ्याचं नाव हवं, तिथे त्यांनी लिहिलं होतं, ‘उदा. मुलीची खोली’. बाईंना मूलबाळ नव्हतं. एके काळी त्याचं फार वाटायचं, पुढे नवरा-बायको एकमेकांतच रमली. लिहिताना सुचलं ते लिहिलं, एवढंच.

एका सकाळी एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन आला.

“कॅमेरा झकास आहे, बाई. पण त्या पोरीच्या फ्रॉकची बाही उसवलीये. चार दिवस बघतोय, कुणी टाका घालत नाही.”

“कुठली पोर?”

“तुमच्या पुस्तकातला नंबर घातला की दिसते ती.”

बाईंनी हसून फोन ठेवला. मग उगीच इकडेतिकडे बघून तोच पत्ता स्वतः टाइप केला.

खोली दिसली. पिवळा पडदा, लोखंडी पलंग, पलंगाखाली शाळेचे बूट. सात-आठ वर्षांची मुलगी जमिनीवर बसून स्वतःची वेणी घालायला बघत होती. हात मागे नीट पोचत नव्हते. डाव्या बाहीची शिवण खरंच उसवली होती.

ऑफिसच्या नेटवर्कवाल्याने अर्धा तास तपासलं. “या पत्त्याला वाटच नाही, बाई. इथून काही येऊच शकत नाही.” मग त्याने संगणकाच्या पडद्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चहाला निघून गेला.

घरी नवऱ्याला दाखवलं तर तो बाईंपेक्षा जास्त गुंतला. नुकताच निवृत्त झालेला माणूस, वेळ जाता जात नव्हता. रोज दुपारी चारला, मुलगी शाळेतून यायच्या सुमारास, तो संगणक लावून बसू लागला.

“तू कामाला गेलीस की मला घर खायला उठायचं,” तो म्हणाला. “आता बरं जातंय. पण अगं, हिला खायला कोण देतं?”

“कुणी दिसत तर नाही.”

“बोलतही नाही गं ती कुणाशी.”

बाईंना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, आत कुठेतरी सुखही झालं.

महिनाभराने साहेबांनी बोलावलं. “नवी आवृत्ती आज छपाईला जातेय. ते उदाहरण काढून टाका, लोक तेच घालतात.”

“काढलं तर ती कुठे जाईल?”

“ती कोण?”

बाई उठून बाहेर आल्या. जागेवर येऊन त्यांनी पान उघडलं. ओळ पुसायला बोट पुढे केलं, पण हात धजेना. एवढंसं पोर असं वाऱ्यावर कसं सोडायचं? त्यांनी ती ओळ तशीच ठेवली आणि खाली आणखी एक लिहिली. पत्ता १९२.०.२.१८. ‘उदा. आईची खोली’.

फाइल पाठवली आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेटवर्कवाला हातात यादी घेऊन आला आणि त्यांच्या संगणकावर वाकला.

“बाई, तुमच्या मशीनचा पत्ता कुणी बदलला? हा तर शेवटी अठरावाला आहे. इथे कुणी असूच शकत नाही.”

“मी आहे की,” बाई म्हणाल्या.

त्याने मान वळवली, बाईंच्या खुर्चीकडे पाहिलं. मग आतल्या दिशेने म्हणाला, “साहेब, पुस्तकबाई कुठे गेल्या? आत्ता इथे होत्या.”

आवाज लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला.

उत्तर द्यायला हवं होतं. पण शेजारच्या खोलीतून, मधल्या दारातून ती मुलगी आली होती, केस मोकळे सोडून, त्यांच्याकडे पाठ करून बसलीसुद्धा.

कंगवा बाईंच्या हातातच होता.

केस ऊन होते. त्यांनी तीन पेड केले. इतकं बरं वाटत होतं की काय सांगावं.

वर, मधल्या दारापलीकडे मुलीच्या खोलीच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याचा लहानसा दिवा लागला. म्हणजे चार वाजले. घरी नवरा संगणकासमोर बसला असेल.

बाईंनी वर बघून त्याला हात केला, आणि पुन्हा वेणी घालायला लागल्या.